रक्तदानावरचं भाषण आणि एथॉस, पेथॉस, लोगॉस: माझा अनुभव

ऑफिसमध्ये रक्तदान शिबिर ठरलं आणि त्याआधी सगळ्यांसमोर बोलायचं काम माझ्याकडे आलं. रक्त द्या म्हणायला काहीच लागत नाही पण ऐकून माणसाने उठून नाव नोंदवावं असं बोलणं वेगळं, म्हणून मी सरळ अ‍ॅरिस्टॉटल या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाने सांगितलेले, समोरच्याला पटवण्याचे तीन भाग धरून तयारी केली. बोलणाऱ्यावर विश्वास बसणं म्हणजे एथॉस, ऐकणाऱ्याच्या मनाला भिडणं म्हणजे पेथॉस, मुद्दा पटणं म्हणजे लोगॉस.

आधी लोगॉस घेतलं. रक्ताची गरज असते हे सगळ्यांना माहितीच असतं, त्यामुळे मी एकच गोष्ट उचलली, की तांबड्या पेशी फ्रीजमध्ये साधारण 42 दिवसांपर्यंत टिकतात पण प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, जेमतेम 5 दिवस, त्यासुद्धा 20 ते 24 डिग्रीला सतत हलवत ठेवाव्या लागतात. बस, इथे थांबायचं. "म्हणून नवीन डोनर सतत लागतात" हे वाक्य मी मुद्दाम काढलं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते बोलून दाखवायची गरज नसते, तो ते स्वतःच भरतो, मी त्याच्याही पुढे जाऊन निष्कर्षच लोकांवर सोडला, कारण स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा नाकारत नाही.

एथॉसवर सगळ्यात जास्त वेळ गेला. मी काही डॉक्टर नाही, मग माझं का ऐकावं? पण अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणंच असं आहे की विश्वास आधीच्या नावलौकिकातून नाही तर भाषणातूनच तयार व्हायला हवा, समज, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दलचा सद्भाव दिसला की. म्हणून अडचणीच्या गोष्टी मी आधीच सांगितल्या: चक्कर येऊ शकते, सुईच्या जागी काळंनिळं होऊ शकतं, औषधं चालू असतील तर रक्तपेढीच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी अजिबात संकोच करू नका. हे बोलल्यावर समोरचे चेहरे सैल झाले, खरंच दिसतं ते.

पेथॉससाठी एकाने सुचवलं की रडणाऱ्या लहान मुलांचे फोटो लाव, मागे म्युझिक टाक. मी नाही म्हटलं. जे आपल्यावर किंवा आपल्या माणसावर येऊ शकतं त्याचीच करुणा वाटते, हेही अ‍ॅरिस्टॉटलचंच, म्हणून मी एवढंच सांगितलं की रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये एक माणूस मोबाईलमधली नावं वर सरकवत उभा आहे आणि प्रत्येक नावाशी थांबून विचार करतोय, याचा ब्लड ग्रुप काय असेल. त्यानंतर लगेच फॉर्म कुठे मिळेल, किती वाजता यायचं हे सांगून टाकलं, कारण मन हललं आणि पुढे करायला काही नसलं तर नुसतं अपराधी वाटत राहतं.

बोलून झाल्यावर एक सहकारी बाजूला घेऊन म्हणाला, सुईची जाम भीती वाटते रे, काय करू? मी म्हटलं, नर्सना आधीच सांग आणि नजर दुसरीकडे ठेव, तरी नकोच वाटलं तर तिथूनही परत येता येतं. मग त्याने फॉर्म घेतला.