ओठ मिटून हस

सांगलीत विश्रामबागेला माझं पार्लर आहे, २००६ पासून. नवरीचा मेकअप, डोहाळजेवणाची फुलांची वाडी, सगळं करते. दारावर मात्र एक पाटी आहे : ‘१२ वर्षांखालील मुलांचा स्पर्धेसाठी मेकअप केला जात नाही.’ परवा एका आईनं ती वाचून विचारलं, “ताई, तुमचाच धंदा ना हा?” दुकानात गर्दी होती, तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

सात वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मंगल कार्यालयात लहान मुलांची सौंदर्यस्पर्धा झाली. वय ३ ते १२. नोंदणीची फी वेगळी, रॅम्पवर चालायला शिकवण्याचे पैसे वेगळे. इंट्रो राउंड, ट्रॅडिशनल राउंड, वेस्टर्न राउंड. त्या दिवशी सकाळी ७ पासून माझ्याकडे अकरा मुली होत्या. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून त्यांना बसवायचं. कर्लिंगची सळी कानाजवळ आली की त्या मान आत ओढून घेत, आणि आया म्हणत, “हलू नको, नाहीतर क्राउन मिळणार नाही.” तीन जणींनी मला हळूच सांगितलं, “फाउंडेशन जरा वरच्या शेडचं लावा, आमची सावळी आहे ना.” हळूच म्हणजे त्यांना वाटत होतं तसं. फळीवर बसलेल्या पोरीचे कान आईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते.

त्यांतली एक पहिलीतून नुकतीच दुसरीत गेलेली. समोरचे वरचे दोन्ही दुधाचे दात पडलेले. आल्या आल्या मला बोळकं दाखवलं, “मावशी, हे बघ!” दात शेणाच्या गोळ्यात घालून आजीबरोबर गावच्या कौलांवर टाकला, आता उंदीरमामा नवीन देणार, अशी सगळी गोष्ट तिनं मला पाठ म्हटल्यासारखी सांगितली. तिच्या आईला मात्र घोर लागला होता. “फोटोत केवढं दिसतंय हो ते. काहीतरी करा ना.”

मी केलं. लिपस्टिक लावून झाल्यावर तिची हनुवटी धरली, आरशाकडे वळवली आणि म्हटलं, “ओठ मिटून हस, राणी. हं, अशी. बघ किती गोड दिसतेस.” चार-पाच वेळा करून घेतलं. पोरगी हुशार, लगेच जमलं तिला.

रात्री साडेदहाला निकाल लागले. निम्मी मुलं आयांच्या मांडीवर झोपलेली, केसांतल्या पिना टोचतात म्हणून रडणारी. पैसे भरले होते म्हणून प्रत्येकाला काही ना काही पट्टा मिळालाच : बेस्ट हेअर, बेस्ट ड्रेस, फोटोजेनिक. बेस्ट स्माइल दुसऱ्याच एका मुलीला मिळालं. दात पडलेली ती पोरगी आईला विचारत होती, “मी हसताना चुकले का?”

झोप लागली नाही मला त्या रात्री.

या आया वाईट नव्हेत, हे मनापासून सांगते. तिची आई मला शाळेपासून ओळखीची. लग्न जमेपर्यंत सगळ्या नातेवाइकांनी तिच्या रंगावर तोंडसुख घेतलेलं. मुलीला चारचौघांत उभं राहायचं धाडस यावं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि १९९४ साली सुस्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या तेव्हा मी १४ वर्षांची होते. पार्लरचा कोर्स करायचं मी तेव्हाच मनात घेतलं. त्यामुळे सौंदर्यस्पर्धा म्हटलं की नाक मुरडणारी मी नव्हे. पण सुस्मिता तेव्हा १८ वर्षांची होती. आपण कशात उतरतोय हे समजायचं तिचं वय होतं.

धाडसासाठी शाळेचं गॅदरिंग आहे, बालनाट्य आहे, वेशभूषा स्पर्धा आहे. माझी भाची झाशीची राणी झाली होती. वाक्य विसरली, नंबर गेला, घरी येऊन पुठ्ठ्याची तलवार फेकली आणि जेवायला बसली. वेशभूषेत हरलं तर राणी हरते, ती कपडे उतरवून ठेवता येते. इथे पोर स्वतःचाच चेहरा घेऊन उभी असते. क्राउन तिच्या डोक्यावर आला नाही तर ती काय उतरवून ठेवणार? आणि जिंकलेलीचं सोपं असतं असंही नाही. सलग दोन वर्षं क्राउन मिळालेली एक मुलगी माझ्याकडे यायची. वाढदिवसाला केक खाताना ती आईकडे बघून मगच घास घ्यायची. आठ वर्षांची.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं मला २००५ सालचा एक अमेरिकी अभ्यास समजावून सांगितला. लहानपणी अशा स्पर्धांत उतरलेल्या ११ बायका आणि न उतरलेल्या ११. उतरलेल्यांना स्वतःच्या शरीराबद्दल जास्त असमाधान होतं, माणसांवर विश्वास ठेवणंही जड जात होतं. नैराश्यात किंवा आत्मसन्मानात मात्र तसा फरक दिसला नाही. २२ बायकांवरून जगाचा निवाडा होत नाही, हे मलाही कळतं. तिकडे तर अशा स्पर्धांसाठी पडलेल्या दुधाच्या दातांच्या जागी खोट्या दातांची पट्टीही बसवतात. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं, कारण मी ओठांनी तेच केलं होतं. फ्रान्सनं २०१४ साली कायदाच केला : १३ वर्षांखालच्या मुलांच्या अशा स्पर्धा बंद, १३ ते १६ वयाला आधी परवानगी लागते. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. माझ्या हातात एक ब्रश आणि एक दार होतं, म्हणून पाटी लावली.

पहिल्या मे महिन्यात बरंच नुकसान झालं. दोन आयोजकांनी माझं नाव यादीतून काढलं. लहान मुलींचे केस मात्र मी अजूनही कापते, दोन वेण्या घालून देते, हादग्याला गजरा माळते, आणि त्या फळीवर बसून पाय हलवत बडबडतात.

ती मुलगी आता नववीत आहे. गेल्या महिन्यात मावशीच्या हळदीसाठी आईबरोबर आली होती. सगळे दात आलेत, सरळ, पांढरेशुभ्र, एकसारखे. केस झाल्यावर आईनं मोबाइल काढला, “हस गं जरा.” ती हसली, ओठ मिटून.

“दात दाखव की, किती छान आलेत,” मी म्हटलं.

“नको मावशी, माझं हसू असंच चांगलं दिसतं,” ती म्हणाली. आरशात बघून तिनं हनुवटी किंचित डावीकडे वळवली, मी तेव्हा वळवली होती तशीच.