रेझिन इतक्या लवकर का संपत होतं?

वाघोलीकडच्या आमच्या सोसायटीत पाणी बोअरचं, आणि उन्हाळ्यात त्यात टँकरची भर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर बुडवला की आकडा ६४०च्या आसपास. माझ्याकडे क्लाउनफिशचा छोटा समुद्री टँक आहे आणि त्याचं मीठ कालवायला शून्य टीडीएसचं पाणी लागतं. म्हणून बाल्कनीत सेडिमेंट, कार्बन, बूस्टर पंप, बहुतेक क्षार अडवणारं आरओ मेंब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषून घेणारे डीआय रेझिनचे मणी असा सेट बसवलेला. या रेझिनचा रंग ते संपत आलं की निळ्याचा तपकिरी होतो.

महिनोनमहिने चालायला हवं ते रेझिन काही आठवड्यांतच तपकिरी पडायला लागलं. पाठोपाठ टँकमधल्या वाळूवरही तपकिरी थर धरला. हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. त्यांना सिलिका (दगडातून पाण्यात विरघळणारं द्रव्य) लागते आणि आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात ती भरपूर असते. वाईट गोष्ट अशी की रेझिन संपायला आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते, आणि टीडीएस मीटरला ती जवळपास दिसतच नाही. म्हणजे मीटर शून्य दाखवत असला तरी निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

आरओवाल्याने सेटकडे एक नजर टाकली आणि निदान केलं, "मेंब्रेन गेलंय साहेब, बदलून टाकू." त्याचं सगळ्या आजारांवर हेच औषध असतं, म्हणून आधी मोजायचं ठरवलं.

मेंब्रेननंतरची नळी काढून, सेट अर्धा तास चालू ठेवून मोजलं, तर २२. म्हणजे ६४०मधले जवळपास साडेशहाण्णव टक्के क्षार अडत होते. यापेक्षा चांगलं मेंब्रेन बाजारातून आणून तरी काय मिळणार? पंपाचा दाबही ठीक होता, आणि मापाच्या मगात वाया जाणारं पाणी धरून पाहिलं तर तेही प्रमाणात होतं.

मग एकदा सकाळी, रात्रभर बंद असलेला सेट चालू करताक्षणी मीटर धरला. १८०! पुढच्या काही मिनिटांत आकडा हळूहळू उतरत पुन्हा बावीसवर आला.

कारण साधं आहे. सेट बंद असताना मेंब्रेनवर दाब नसतो, आणि अलीकडचे क्षार सावकाश पलीकडच्या स्वच्छ पाण्यात झिरपतात. पंप सुरू झाला की हे खारावलेलं पाणी आधी बाहेर पडतं आणि थेट रेझिनमध्ये जातं. १८०चं एक लिटर पाणी रेझिनला २२च्या आठ लिटरांइतकं खातं.

पण दिवसातून एकदाच असं झालं असतं तर फार बिघडलं नसतं. खरी गोम फ्लोटमध्ये होती. टँकमधून बाष्पीभवन होणारं पाणी भरून काढणाऱ्या छोट्या टाकीला सेट फ्लोटने जोडलेला होता. टाकी बोटभर उतरली की पंप सुरू, दोन मिनिटांत टाकी भरली की बंद, आणि हे दिवसभर चालू. थोडक्यात, रेझिनला रोज बहुतेक वेळा सुरुवातीचं खराब पाणीच मिळत होतं.

फ्लोट काढून टाकला. मेंब्रेन आणि रेझिन यांच्यामध्ये टी-जॉइंट लावून एक छोटा कॉक बसवला. आता सेट चालू केला की मीटर तिशीखाली येईपर्यंत पाणी कॉकमधून बादलीत सोडतो, मगच रेझिनकडे वळवतो, आणि मोठा ड्रम एका दमात भरून घेतो. बादलीतलं पाणी फरशी पुसायला जातं. मेंब्रेनचं वाया जाणारं पाणीही तिकडेच. कुंड्यांना मात्र ते घालत नाही, कारण त्यात क्षार मूळच्या पाण्याहून जास्त असतात.

ड्रम भरताना उठून कॉक बंद करावा लागतो, ही कटकट आहेच, म्हणून मोबाइलवर गजर लावतो. रेझिनचे आता एकामागे एक दोन कॅनिस्टर आहेत. पहिला तपकिरी झाला की दुसरा त्याच्या जागी आणि नवा मागे, त्यामुळे सिलिका निसटली तरी पुढच्यात अडकते. वाळूवरचा थर लगेच गेला नाही. पाणी बदलत राहिलो तसा हळूहळू विरळ झाला. मेंब्रेन अजून तेच आहे.