घाटावरचे ड्रॅगन : अकराव्या प्रकरणापर्यंतची नोंद

माझी कादंबरी अकराव्या प्रकरणापाशी आली आहे. मागच्या नोंदीत किल्ला, नदी आणि राजघराणं एवढंच उभं होतं. आता ड्रॅगन खायला-प्यायला लागलेत आणि कथानक तिथूनच निघालं.

आधी राजकन्या. कुमारवयीनांच्या फँटसीत 'वेगळी' राजकन्या म्हटली की तिनं घोडा फेकायचा, तलवार चालवायची आणि ठरलेलं लग्न मोडायचं. बेळगाव जिल्ह्यात बसून हे कुणाला नवल म्हणून सांगायचं? काकतीत जन्मलेल्या चन्नम्मानं ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरच्या दारातून कंपनीची फौज परतवली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे तिथंच पडला. बेळवडीच्या मल्लम्माची बायकांची फौज तर त्याहून जुनी गोष्ट. तलवारवाली राणी ही आमच्याकडं रीतच झाली. म्हणून माझी तुंगा घोड्याला भिते, तलवार उचलायचा तिला कंटाळा आहे. तिला डोकं आहे ते कोठीच्या हिशेबाचं. दरबारात हे कुणाला आवडत नाही, कारण लढणारी मुलगी मिरवता येते, रोजकीर्द उघडून बसणारी घरात अडचण होते.

आता ड्रॅगन. जांबोटीच्या बाजूला ओळखीच्यांच्या पोफळीच्या बागेत उडता सरडा बघायला मिळाला. शेपटीसकट वीतभर. खोडावर बसला की साल कुठली आणि सरडा कुठला कळत नाही. मग नर गळ्याखालची पिवळी पाळ पुढं काढतो, मिटतो, परत काढतो. तेवढ्यात त्यानं अंग सोडलं आणि कुशीतला पडदा उघडला. तो पडदा लांब वाढलेल्या बरगड्यांवर ताणलेला असतो, पायांवर नाही. पंख मारणं नाही, नुसतं तरंगणं. समोरच्या पोफळीवर खालच्या अंगाला चिकटला आणि लगेच वर सरपटू लागला. याच्या प्रजातीला, प्राण्यांची शास्त्रीय नावं ठरवणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये नाव दिलं ते 'ड्रॅको', म्हणजे आमच्या घाटातला ड्रॅगन कागदोपत्री आधीच नोंदलेला आहे.

माझ्या ड्रॅगनचं अंग त्याच्यावरून घेतलं. विस्तार दहा मीटर, त्याच्या वर नाही. उडणाऱ्या प्राण्यांत क्वेट्झलकोॲटलस हा जुना टेरोसॉर साधारण तेवढा होता, तिथं रेघ मारली. तो पंख मारायचा, माझे मारत नाहीत. यातून एक छान अडचण तयार झाली: जमिनीवरून त्यांना उठताच येत नाही. कड्यावरून सुटायचं, कोकणच्या अंगाला उतरायचं आणि परत येताना घाट चढून यायचं, नखांनी, दिवसभर धापा टाकत. स्वार पाठीवरून उतरून मागून चालतो. युद्धाची सगळी आखणी यामुळं बदलली. एकदा सोडलेला ड्रॅगन त्या दिवशी परत वापरता येत नाही.

आग काढून टाकली. त्याऐवजी बॉम्बार्डियर भुंगेऱ्याची युक्ती घेतली आहे. त्याच्या पोटात एका कप्प्यात रसायनं असतात आणि दुसऱ्यात ती भडकवणारी विकरं, ती एकत्र आली की उकळत्या पाण्याएवढा तापलेला फवारा फटकन बाहेर पडतो. पावसाळी मुलखात ज्वाळेपेक्षा हे बरं.

पाऊस आला तो नववीतल्या मावसभावामुळं. तो माझा पहिला वाचक. चौथं प्रकरण वाचून त्यानं विचारलं, "आक्का, ह्ये पावसात काय करतंय? ऊन कुठलं त्याला?" हा प्रश्न सोन्यासारखा. सरपटणाऱ्याला अंग तापवायला ऊन लागतं, आणि कणकुंबी-आमगावच्या पट्ट्यात जूनपासून चार महिने ऊन म्हणजे पाहुणाच. मोठं धूड उशिरा गार होतं हे मान्य, पण तो एवढा पातळ पडदा आहे, गारवा तिथून शिरतो. म्हणजे आषाढ-श्रावणात राज्याचे सगळे ड्रॅगन गुहेत सुस्त. शत्रूला हे कळलं की संपलं.

आणि तुंगाला वहीत घोळ सापडतो तो ड्रॅगनच्या खाण्याचा. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानानं सरपटणाऱ्याला साधारण दहावा हिस्सा अन्न पुरतं. मगर तर महिनोन्‌महिने उपाशी राहते. पण किल्ल्याच्या रोजकीर्दीत काय लिहिलंय? सातव्या प्रकरणातला तुकडा देते, यावर जास्त मेहनत गेली आहे (हंड्या हा किल्ल्यावरचा एक ड्रॅगन):

"हंड्या रोज एक बकरं खातो?" तुंगानं ओळीवर बोट ठेवलं.

"राजाचं जनावर, आक्कासाहेब. पोटभर खाणारच." कारखानीस हसला.

"मग अमावास्येपासून त्याच्या गुहेत एकच लेंड कसं?"

कारखानिसाच्या हातातला बोरू थांबला.

उरलेली बकरी कुणाच्या छावणीत जातात हे नवव्या प्रकरणात उघडं होतं. ते इथं सांगत नाही.

दहावं प्रकरण दरबाराचं आहे, जेमतेम. तीन ठिकाणी सगळे उभं राहून भाषणं देतात, ते कापायचंय.

बाराव्यात आषाढातला वेढा आहे आणि तिथं मी अडले आहे. तुंगाचा बेत असा: किल्ल्याखालच्या गावात उसाची गुऱ्हाळं आहेत. हंगाम नाही, पण चुलवाणं जागेवरच आहेत आणि चिपाडं माळ्यावर कोरडी रचून ठेवलेली. हंड्याला रात्री खाली आणायचं, काहिल उतरवून चुलवाणाच्या कडेला निजवायचं आणि पहाटेपर्यंत तापवायचं. किती चिपाड लागेल याचा हिशेब ती करतेच. पण पुन्हा कड्यावर चढवेपर्यंत पावसात ऊब टिकेल का? शिवाय पाळलेले सरडे-घोरपडी तापलेल्या दगडावर बसून पोट भाजून घेतात असं वाचलंय, त्यांना खालून बसणारा चटका वेळेवर जाणवत नाही म्हणे. तुमच्यापैकी कुणी असे प्राणी सांभाळले असतील तर सांगा, शेक वरून द्यावा की बाजूनं. त्यावर हंड्या त्या पहाटे उडतो की नाही हे ठरेल.