भिजलेल्या स्मरणिका आणि मासळीचा फ्रीझर

ठाण्यातल्या आमच्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहात जुलैतल्या एका सकाळी दप्तरखान्याचं कुलूप काढलं आणि ओल्या कागदाचा भपकारा आला. गच्चीवरची पन्हळ तुंबली होती. पाणी रात्रभर भिंतीतून झिरपत दोन कपाटांत उतरलं होतं. एकात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, दुसऱ्यात मंडळांच्या, शाळांच्या, पतपेढ्यांच्या स्मरणिका आणि काही हस्तलिखित वह्या.

विश्वस्त काका धावतच आले. "अगं, आधी मोडी काढ! पेशवाईतले कागद आहेत ते. स्मरणिकांचं काय एवढं?"

मी म्हटलं, "काका, आधी स्मरणिका."

ते माझ्याकडे बघतच राहिले. पण ओल्या कागदाच्या बाबतीत वय बघून चालत नाही. मोडी दस्त बोरूने, काजळाच्या शाईने लिहिलेले. काजळ पाण्यात विरघळत नाही. शाईतला डिंक तेवढा मऊ पडतो, म्हणून अक्षरावर बोट फिरवायचं नाही, एवढंच पथ्य. शिवाय हातकागदाचा धागा लांब आणि चिवट. उलट स्मरणिकेच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर चिनीमातीचा थर असतो. तो भिजला की चिकट होतो आणि पानं सुकता सुकता एकमेकांना धरतात. मग अख्ख्या अंकाची वीट होते. सुरी घातली तरी पान सुटत नाही, छपाईच निघून येते.

म्हणजे त्या सुकू द्यायच्या नव्हत्या. आणि ओल्या ठेवल्या तर आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी. यावर एकच इलाज: गोठवायचं. कागद गोठला की चिकटणं थांबतं, बुरशी थांबते, मग सवडीने थोडे थोडे बाहेर काढून पान-पान सोडवता येतं. पण आमच्याकडे साधा फ्रिजही नाही. चहाचं दूध शेजारच्या दुकानात असतं.

आमच्या शिपाई मावशी चेंदणी कोळीवाड्यातल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्या नणंदेचा डीप फ्रीझर रिकामाच आहे की. बंदी चालू आहे ना." खरंच, जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. स्मरणिका न उघडता एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, वासाच्या धास्तीने वर दुसरी पिशवी, आणि रिक्षातून कोळीवाड्यात. ताईंनी फ्रीझर पुसून ठेवला होता. "यात काय पैसे-बिसे आहेत का?" एवढंच त्यांनी विचारलं.

परत आल्यावर मोडी. ओले रुमाल सोडून टीपकागदांत एकेक दस्त सपाट ठेवला, पंखे लावले. झोत कागदावर नाही, भिंतीकडे. उन्हात वाळवायला नेणाऱ्या उत्साही मंडळींना अडवणं हेच मोठं काम होतं. संध्याकाळपर्यंत काका स्वतः टीपकागद बदलत होते. एका दस्ताची किनार पिवळी पडली, बाकी अक्षर न् अक्षर जागेवर.

गेलं ते दुसरंच. संग्रहाची जुनी अभिप्राय वही फाउंटन पेनच्या निळ्या शाईने भरलेली होती. तिची पानं नुसती आकाशी झाली. पेशवाईतला हिशेब वाचता येतोय आणि आमच्याच पाहुण्यांची नावं गेली.

स्मरणिकांसाठी मी एवढी का अडून बसले, तेही सांगते. मराठेशाहीच्या कारभाराचा माग काढायला पुण्याचं पेशवे दप्तर तरी आहे. वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्याची जाहिरात, गोखले रोडवरच्या दुकानाचा जुना पत्ता, मंडळाच्या खजिनदाराचा फोटो कुठे शोधणार? हजार प्रती छापल्या जातात, वाटल्या जातात, रद्दीत जातात. सरकारदरबारी त्यांची प्रत सहसा कोणी ठेवत नाही.

ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या आणि ताईंचा निरोप आला, "मॅडम, आता जागा लागेल." तोवर बहुतेक अंक सोडवून झाले होते. उरलेले एका आइस्क्रीमवाल्याच्या पेटीत हलवले. एका गणेशोत्सव मंडळाच्या अंकाची मधली पानं काही केल्या सुटली नाहीत. तो तसाच, चिठ्ठी लावून ठेवलाय. आणि हो, नव्या मांडणीत भिंतीपासून दूरचं कोरडं कपाट मी स्मरणिकांना दिलंय. काकांची त्यावरची कुरकुर अजून चालू आहे.