चेक-इन तेच, काउंटर वेगळं

९ वर्षं हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर काढली. ट्रेनिंग संपवून आज विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर पहिला दिवस. शब्द तोच, पण तिथे रात्री दोनला आलेल्या पाहुण्यालाही हसून किल्ली देता यायची. इथे काउंटर बंद म्हणजे बंद. एक काका धापा टाकत आले, हात जोडले. जीव तुटला, पण सिस्टीमच पुढे जाईना.

मग एका ताईंना बंद केलेली बॅग उघडून पॉवर बँक काढायला लावली. लिथियम बॅटरी, ती केबिनमध्येच न्यायची. जाम चिडल्या. चिडलेल्या माणसाशी बोलणं मात्र नव्याने शिकावं लागलं नाही!

शहरांचे तीन अक्षरी कोड अजून गोंधळतात. घरी आईने दार उघडलं, तर तोंडातून निघालं, "पासपोर्ट प्लीज."