दुपारी जाणारं नेट

नागपुरात नंदनवनमधल्या एका घराची फायबर इंटरनेटची तक्रार आमच्या यादीत सारखी येत होती. 'स्पीड येत नाही.' आमची पोरं जायची, लॅपटॉप लावायची, आकडा १९० च्या वर यायचा, प्लॅन २०० एमबीपीएसचा. 'ओके' लिहून तक्रार बंद. एक-दोन दिवसांत तीच तक्रार पुन्हा. शेवटी सुपरवायझरने ती माझ्या गळ्यात टाकली.

सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलो. नेहमीची तपासणी केली. मोबाईलवरची टेस्ट मी आधी बघतच नाही. ती लाईनचा जेवढा हिशोब सांगते तेवढाच मधल्या भिंतींचा आणि हँडसेटचाही. लॅपटॉप वायरने थेट डब्याला, म्हणजे घरातल्या फायबर मोडेमला लावला: १९४. (वायरवर ९४ च्या आसपास अडकत असेल तर लाईनला हात लावू नये, बहुतेक केबलमधली एखादी तारेची जोडी तुटलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात.) डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाचं रीडिंग उणे २०.८ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). छान. हिरवा कनेक्टर हिरव्यातच होता. निळ्यात हिरवा खुपसणारे महाभाग मी पाहिले आहेत, म्हणून बघून घेतो.

"सगळं बरोबर आहे काकाजी."

"तेच तर," ते म्हणाले. "तुमचे पोट्टे सकाळी येऊन राहिले अन् ओके लिहून जाऊन राहिले. सकाळची तक्रार मी केलीच कुठं जी?"

काकाजी कोषागारातून निवृत्त झालेले. त्यांनी एक वही पुढे केली. रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, वेळ, डाऊनलोड, अपलोड, शेरा. मी खुर्ची ओढून बसलोच. 'नेट स्लो आहे' सांगणारी माणसं रोज भेटतात, 'किती वाजता' सांगणारी क्वचितच.

सकाळी नऊला रोज उत्तम. साडेदहा-अकरापासून डाऊनलोड पंधरा-वीसवर. दुपार सरता सरता थोडं सुधारायचं, पाचच्या सुमारास पुन्हा आपटी. रात्री तीनला पुन्हा उत्तम. ती नोंद मुलीची, ती पुण्याच्या कंपनीचं रात्रपाळीचं काम घरून करते. 'लोड आहे, सगळे मोबाईल घेऊन बसतात' हे आमचं ठेवणीतलं उत्तर इथे लागू पडत नव्हतं. आमच्या फायबरच्या (जीपॉन) एका पोर्टवर साधारण अडीच गिगाबिट डाऊनलोड ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. त्यावर ताण आला तर तो रात्री जेवणानंतर येतो. भर अकरा वाजता नाही, आणि रोज तर नाहीच नाही.

दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे अपलोड तेवढा पडत नव्हता. दुसरी शेऱ्याच्या रकान्यात होती. एका तारखेसमोर लिहिलं होतं, 'अवकाळी पाऊस, दिवसभर ठीक'.

पाऊस वाचून माझं डोकं उन्हाकडे गेलं. नवतपा लागलेला, पारा पंचेचाळीसच्या वर. खांबावरचा, एक फायबर अनेक घरांत वाटणारा स्प्लिटरचा डबा तापून काही होत असेल का? पण मग त्याच डब्यावरच्या बाकीच्या घरांच्या तक्रारी का नाहीत? "दुपारी येतो," म्हटलं. काकू म्हणाल्या, "उन्हाचं कशाला जी?" पण नोंदी दुपारच्याच होत्या.

साडेतीनला, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, पुन्हा गेलो. दार उघडताच कूलरचा गारवा अंगावर आला, पन्हं आलं. पन्हं पीत पान उघडलं: उणे २६.९. सहा डीबीची घट, म्हणजे सरळ चौथा हिस्सा प्रकाश उरला होता. आमच्या वर्गाचे डबे उणे २७ पर्यंत ऐकतात. त्याच्या वर प्रकाश थोडा कमी-जास्त झाला तरी स्पीडला फरक पडत नाही. कडेला आला की मात्र चुका वाढतात, पॅकेट गळतात आणि डाऊनलोड कोसळतं.

ऑफिसमधल्या मित्राला फोन लावला. "या डब्याकडून तुझ्याकडे येणारा प्रकाश बघ रे." तो म्हणाला, सकाळपेक्षा जेमतेम तीन डीबी कमी. म्हणजे यायच्या वाटेवर सहा आणि जायच्या वाटेवर तीन. फायबरची काच एकच, वाट एकच. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१० चा, आणि वाकलेल्या काचेतून लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो. कनेक्टरला धूळ असती तर दोन्हीकडे साधारण सारखीच घट दिसली असती. केबल कुठेतरी मुरगळली होती हे नक्की. पण जी केबल सकाळी सरळ असते ती दुपारी कशी मुरगळते?

मी पान रिफ्रेश करत बसलो होतो. आतून काकूंचा आवाज आला, "कूलरमधलं पाणी संपत आलं, भरून घेते." नळीचा आवाज सुरू झाला. उणे २६.९. उणे २७.३. उणे २७.८. मी आकडा बघतोय आणि तो खालीच चाललाय. २८.४ ला डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, गेलं!"

मी गॅलरीत धावलो. खिडकीला लावलेला पत्र्याचा मोठा कूलर, लोखंडी स्टँडवर. एका पायाचा रबरी बूट गायब. त्या उघड्या पायाखालून आमची काळी केबल खिडकीकडे गेलेली. दबलेली जागा शोधायला फायबरमध्ये लाल लेझर सोडून बघायचं तर जाड काळ्या आवरणातून आणि त्या उन्हात काहीच दिसलं नसतं. त्याची गरजही नव्हती. टाकी शंभर लिटरची, म्हणजे शंभर किलो वजन सकाळी साडेदहाला चढायचं, कूलर पाणी पीत जाईल तसं उतरायचं, पुन्हा भरलं की पुन्हा चढायचं. पहाटेपर्यंत टाकी कोरडी, नेट उत्तम. पावसाच्या दिवशी कूलर बंद होता.

"काकू, पाणी काढावं लागेल."

"आत्ताच तर भरलं नं बाप्पा! नळ आता उद्या सकाळीच येते."

बादल्या, घंगाळ, टाकीवरचं पातेलं, जे मिळेल त्यात पाणी काढलं. एक थेंब वाया जाऊ दिला नाही त्यांनी. काकाजी आणि मी स्टँड तिरपा केला, मुलीने केबल ओढली. आकडा लगेच २१.३ वर आला. तरीही दबलेला तुकडा ठेवला नाही. काचेला ओरखडा बसला असेल तर आज चालते, पावसाळ्यात दगा देते. मागे गुंडाळी होतीच, तेवढी कापून नवा कनेक्टर बसवला आणि केबल खिडकीच्या वरून क्लिपा मारून नेली. २०.६. टाकी पुन्हा पूर्ण भरायला लावली. २०.६.

तेवढ्यात मुलगी मोबाईल घेऊन आली. मागच्या खोलीत ४० च येतंय म्हणाली. तो मोबाईल २.४ गिगाहर्ट्झवर होता आणि मध्ये दोन जाड भिंती. ते वायफाय आहे, फायबर नाही, हे समजावण्यात चहा थंड झाला. ऑफिसच्या कामासाठी टेबलापर्यंत वायर ओढून दिली.

काकाजींनी वहीत वेळ घातली, आकडा लिहिला, शेऱ्याच्या रकान्यात 'कूलर' लिहिलं आणि माझी सही घेतली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता या महिन्याच्या बिलाचं बोला. अर्ध्या दिवसाचं नेट, तर पैसेही अर्धेच का नाही जी?"

कूलर त्यांचा, स्टँड त्यांचा, पण केबल जमिनीवरून टाकणारा आमचाच माणूस होता. मी सुपरवायझरचा नंबर दिला आणि पायऱ्या उतरलो.