कॉटलीची झाल

'ओजी फॉल पहिल्यांदा कॉटलीने गंगा कालव्यावर बांधला.' हे वाक्य मी सिंचनाच्या पेपरात दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. ओजी फॉल म्हणजे कालव्याचं पाणी खालच्या पातळीवर उतरवणारा वळणदार बांधीव धबधबा. हा कॉटली कोण, हे काही कधी विचारलं नाही.

पुढे पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता झालो आणि प्रशिक्षणासाठी रुरकीला गेलो. दसऱ्यानंतरची 'बंदी' चालू होती, म्हणजे साफसफाईसाठी कालव्याचं पाणी तोडलेलं. आम्हाला हरिद्वारपासून कोरडा तळ दाखवत खाली आणलं. तेवढ्या तीसेक किलोमीटरांत चार डोंगरी नद्या आडव्या येतात. रानीपूर आणि पथरी कालव्याच्या डोक्यावरून जातात, धनौरीला रतमऊ आणि कालवा एकाच पातळीवर भेटतात, आणि रुरकीला सोलानीवरून कालवाच जातो, प्रत्येकी 50 फुटांच्या 15 कमानींवरून. मी मान वर करून बघतच राहिलो.

आणि हे करणारा प्रोबी कॉटली बंगाल तोफखान्यातला अधिकारी! 1819 साली, सतराव्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. पूर्व यमुना कालव्यावर मदतनीस म्हणून गेला आणि पाण्याचं काम तिथेच शिकला. 1837-38च्या भीषण दुष्काळानंतर त्याने गंगेचा कालवा मनावर घेतला. 1842ला खोदाई, 1854ला पाणी.

पण मला हलवलं ते आसफनगरच्या झालीने. धबधब्याला तिकडे झाल म्हणतात. कॉटलीने कालव्याला उतार जास्त दिला, आणि पाणी अलगद उतरावं म्हणून झाली वळणदार बांधल्या. पाणी अलगद उतरलं खरं, पण त्याचा जोर मोडलाच नाही. ते खालचा तळ खरवडत गेलं. आर्थर कॉटन या दुसऱ्या अभियंत्याने उघड टीका केली. पुढे त्या झालींची उतरण सरळ उभी करावी लागली. आमच्याबरोबरचे म्हातारे बेलदार खुरप्याने गाळ काढून विटांमधला जुना चुना दाखवत होते. माझं मात्र लक्ष उडालं होतं.

त्याच वर्षी मी आखलेल्या एका चारीचा, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्याचा तळ पहिल्याच आवर्तनात उखडला होता. अहवालात मी कारण लिहिलं होतं, 'माती भुसभुशीत'.

संध्याकाळी कालव्याकाठच्या त्या मोठ्या दगडी सिंहापाशी उभं राहून साहेबांना फोन लावला.

"साहेब, त्या चारीचा उतार चुकला होता. मीच काढला होता."

जरा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "या परत. लेव्हल घेऊन दोघं जाऊ."